विषम फुगणे आणि आकृतीचा उगम

पाण्यात टाकलेली कडधान्ये फुगतात, हे सांगण्यास शास्त्रज्ञाची आवश्यकता नाही. परंतु भिजत घातलेल्या वालांकडे पहिल्या काही तासांत लक्षपूर्वक पाहणाऱ्यास एक निराळी गोष्ट आढळते. दाणा अद्याप मोठा झालेला नसतो. त्याची साल मात्र सुरकुत्यांनी भरून गेलेली असते. पाणी प्रथम सालीत शिरते आणि साल पसरू लागते. आतील दले अजून कोरडी व होती तेवढीच असतात. वाढलेल्या सालीस पुरेशी जागा मिळत नाही, म्हणून ती चुण्या पाडून घेते. पुढे दलेही फुगली म्हणजे त्याच चुण्या मावळतात आणि दाणा पुन्हा गुळगुळीत होतो.

फुगण्याने आकारमान वाढते, परंतु आकृती बदलते ती फुगण्यातील विषमतेने. हा भेद एकदा सांगितल्यावर सोपा वाटतो, आणि तो १६६५ मध्येच सांगितला गेला होता. तथापि त्याचा इतिहास सरळ परंपरेचा नाही. वनस्पतिशास्त्र, भ्रूणविज्ञान, यंत्रविद्या आणि बहुवारिकांचे शास्त्र यांपैकी प्रत्येकाला तो बहुतांशी नव्याने हाती लागला. त्याबरोबर प्रत्येक ठिकाणी एक वादही उभा राहिला: विषम फुगण्याने अमुक आकृती घडू शकते असे दाखविले, म्हणजे ती तशीच घडली असे सिद्ध होते काय? या इतिहासातील खरा अभ्यासविषय हाच आहे.

१६६५ साली प्रसिद्ध झालेल्या 'मायक्रोग्राफिया' या ग्रंथात रॉबर्ट हूकने रानटी ओटच्या कुसळाचे वर्णन केले आहे. हे कुसळ कोरडे असता पिळलेले असते. ओलावा लागताच त्याचा पीळ उलगडू लागतो आणि सुकल्यावर पुन्हा चढतो. हूकने त्यास काटा जोडून हवेतील आर्द्रता दाखविणारे उपकरण तयार केले. परंतु उपकरणापेक्षा त्याने दिलेले कारण अधिक महत्त्वाचे आहे. कुसळात दोन प्रकारचे द्रव्य असावे, असे त्याने म्हटले. एक सच्छिद्र व स्पंजासारखे, ज्यात बाष्प सहज शिरते आणि जे त्यामुळे लांबी-रुंदीने वाढते. दुसरे घट्ट व कठीण, ज्यात पाणी जवळजवळ शिरतच नाही. एक अंग वाढते-आकुंचते आणि त्याला जखडलेले दुसरे अंग तसेच राहते. तेव्हा संपूर्ण कुसळाला पीळ घालण्यावाचून वा उलगडण्यावाचून गत्यंतर राहत नाही. सजीवांच्या हालचालीची पहिली पायरी कदाचित अशाच साध्या योजनेत असेल, असा तर्कही त्याने पुढे केला आहे. हा तर्क धाडसी होता, पण मूळ कारणमीमांसा अचूक होती.

कुसळ हा शब्द मराठी माणसाला मुख्यतः दुसऱ्याच्या डोळ्यातील दोषाविषयीच्या म्हणीमुळे परिचित आहे. दख्खनच्या माळरानावर कुसळी गवत विपुल आढळते, आणि त्यातून चालून आलेल्याच्या वस्त्रांना त्याचा अधिक निकट परिचय घडतो. या गवताच्या शास्त्रीय नामातील 'कॉन्टॉर्टस' या पदाचा अर्थच 'पिळवटलेला' असा आहे. पावसाने भिजलेले कुसळ पीळ सोडताना स्वतःभोवती फिरते. त्याचे टोक कोठे अडले की ती फिरकी बीजाच्या अणकुचीदार बुडाकडे जाते आणि बीज मातीत शिरते. मेंढीच्या लोकरीतून कातड्यात शिरते तेही याच रीतीने. या क्रियेत चेतनेचा काही भाग नाही. झाडापासून सुटलेले, वाळलेले कुसळही हे काम करते.

हूकनंतर या प्रश्नाला मिळालेली दिशा थोडी वेगळी होती. स्टीफन हेल्स या इंग्रज धर्मोपदेशकाने १७२७ च्या 'व्हेजिटेबल स्टॅटिक्स' या ग्रंथात लोखंडी भांड्यात भिजविलेल्या वाटाण्यांचा प्रयोग दिला आहे. झाकणावर १८४ पौंड वजन ठेवले असताही फुगणाऱ्या वाटाण्यांनी ते उचलले. वजन आणखी वाढविल्यावर वाटाणे परस्परांच्या पोकळ्यांत दाबले जाऊन त्यांना सपाट बाजू आल्या. येथेही आकृती बदलली. परंतु ती शेजारच्या दाण्याच्या दाबाने, स्वतःच्या अंतर्गत विषमतेने नव्हे. हेल्सची जिज्ञासा फुगण्याचे बळ किती याविषयी होती. यानंतरच्या शतकात पाण्याच्या शोषणाचा जो अभ्यास झाला, त्याचा कल बराच काळ असा परिमाणाकडेच राहिला. १८२६ मध्ये द्यूत्रोशेने पेशीत पाणी शिरण्याच्या क्रियेस स्वतंत्र नाव दिले आणि वनस्पतींच्या अवयवांचे वाकणे त्या क्रियेशी जोडले, तेव्हा विषमतेचा प्रश्न पुन्हा वर आला.

येथे शब्दांकडे थोडे लक्ष देणे अवश्य आहे. मराठीत भिजलेला हरभरा 'फुगतो', तव्यावरची पोळी 'फुगते', फुगाही 'फुगतो'. दुखावलेला पाय मात्र 'सुजतो'. वायू भरणे आणि द्रव्यात पाणी मुरणे यांचा भेद 'फुगणे' या क्रियापदात राहत नाही. जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञांना एकोणिसाव्या शतकात हाच भेद निकडीचा वाटला. घन पदार्थाच्या कणांमध्ये पाणी शिरून तो पदार्थच विस्तारणे यास त्यांनी 'क्वेलुंग' म्हटले. पेशीच्या पिशवीत पाणी साठून तिची भिंत ताणली जाणे ही निराळी क्रिया मानली. वाळलेल्या कुसळात दुसरी क्रिया शक्य नाही. लाजाळूच्या पानात ती प्रधान आहे. कार्ल नेगेलीने पेशीभित्तिका अतिसूक्ष्म स्फटिकसदृश कणांची बनलेली असून पाणी त्या कणांच्या दरम्यान शिरते, अशी कल्पना मांडली. कण लांबट व एका दिशेने रचलेले असतील तर फुगणेही दिशेनुसार भिन्न होईल, हे तिच्यातून निष्पन्न होते. हूकची विषमता एका बाजूस एक द्रव्य व दुसऱ्या बाजूस दुसरे अशी होती. आता एकाच द्रव्यात लांबीच्या दिशेने कमी आणि आडव्या दिशेने अधिक, अशी दुसऱ्या प्रकारची विषमता समोर आली.

या दुसऱ्या विषमतेचा लक्षणीय पुरावा १८७६ मध्ये फ्रान्सिस डार्विनने दिला. हा चार्ल्स डार्विनचा पुत्र. जमिनीत आपण होऊन शिरणाऱ्या बीजांच्या कुसळाचा अभ्यास करताना त्याने पिळणाऱ्या भागातील पेशी सुट्या केल्या, आणि प्रत्येक सुटी पेशीदेखील सुकताना स्वतःच पिळते असे त्याला आढळले. म्हणजे कुसळाचा पीळ दोन थरांच्या भांडणातूनच उत्पन्न होतो असे नव्हे. तो भित्तिकेतील तंतूंच्या नागमोडी रचनेत आधीच लिहिलेला असतो. चीडच्या शंकूचे खवले कोरड्या हवेत उघडतात व ओलाव्यात मिटतात, त्यामागेही तंतूंच्या कोनातील फरक आहे. १९९७ मध्ये डॉसन, व्हिन्सेंट व रोका यांनी खवल्याच्या दोन बाजूंच्या पेशींमध्ये तंतूंचा कोन भिन्न असल्याचे दाखविले. २००७ मध्ये गव्हाच्या कुसळांविषयीही तसेच निष्पन्न झाले. त्यात दोन कुसळे दिवसाच्या कोरडेपणाने बाहेर वाकतात व रात्रीच्या दमटपणाने जवळ येतात. बेडकाच्या पायांप्रमाणे ही हालचाल दाण्याला जमिनीत ढकलते.

वनस्पतीच्या बाबतीत या कारणमीमांसेस फारसा विरोध झाला नाही. प्राण्याच्या गर्भाविषयी तीच गोष्ट बोलली गेली तेव्हा मात्र मोठे वादळ उठले.

विल्हेल्म हिस हा मूळचा बाझेलचा शरीररचनाशास्त्रज्ञ १८७२ पासून लाइपझिग येथे प्राध्यापक होता. गर्भाचे अतिशय पातळ छेद क्रमाने घेण्याचे यंत्र त्याने विकसित केले होते, आणि कोंबडीच्या गर्भाची रचना छेदाछेदांतून पुन्हा उभी करण्याचे कष्ट त्याने वर्षानुवर्षे घेतले होते. १८७४ च्या 'उन्झेरे क्योर्परफॉर्म' या पत्ररूप ग्रंथात त्याने असे प्रतिपादन केले की, गर्भाची प्रारंभीची तबकडी ही एक लवचीक पट्टी असून तिचे भाग असमान गतीने वाढतात; ज्या ठिकाणी वाढ अधिक त्या ठिकाणी पट्टीला घडी पडते. पाठीवरील मज्जानलिका, मेंदूचे फुगवटे, आतड्याचे वळण या सर्वांस त्याने हीच रीत लावली. कागदाच्या घड्या व चिरलेल्या रबरी नळ्या यांचे दृष्टांत त्याने दिले. रबरी नळीला वाक दिला असता ज्या ठिकाणी ती दबते वा फुगते, त्याच्याशी गर्भस्थ मेंदूच्या वळणांचे साम्य त्याने दाखविले. हिस येथे पाणी शोषण्याविषयी बोलत नव्हता. तो वाढीविषयी बोलत होता. परंतु भूमितीच्या दृष्टीने दोहोंत अंतर नाही. एखाद्या ठिकाणची लांबी शेजारच्या लांबीपेक्षा अधिक वाढली, एवढेच घडीला पुरेसे आहे. ती पाण्याने वाढली की पेशींच्या विभाजनाने, हे घडीस ठाऊक नसते.

एर्न्स्ट हेकेलने या ग्रंथावर कठोर उपहासाचा मारा केला. गर्भाच्या आकृतीचे खरे कारण पूर्वजांच्या परंपरेत आहे. माशाच्या, सरीसृपाच्या अवस्थांतून गर्भ जातो, कारण त्याचे पूर्वज त्या अवस्थांतून गेले, असा हेकेलचा सिद्धांत होता. त्याच्या दृष्टीने हिसचे घड्यांचे स्पष्टीकरण म्हणजे शिंप्याचे वा रबरी नळ्यांचे तत्त्वज्ञान होते. या वादास वैयक्तिक कडवटपणाही होता: हेकेलच्या गर्भचित्रांतील अशुद्धतेवर हिसने त्याच ग्रंथात बोट ठेवले होते. तथापि मूळ मतभेद वैयक्तिक नव्हता. 'का' या प्रश्नाचे उत्तर कोणत्या प्रकारचे असावे, हा तो मतभेद होता. हेकेलला वंशाचा इतिहास पुरेसा वाटे. १८८८ मध्ये जॉन मरे यास पत्ररूपाने लिहिलेल्या निबंधात हिसने उलट असे म्हटले की, आनुवंशिकता यांत्रिक साधनांवाचून शरीर उभारते असे मानणे अशास्त्रीय आहे. भाषेच्या अभ्यासकास या वादाची जात ओळखीची वाटावी. एखाद्या शब्दाचे प्राचीन रूप सांगितले म्हणजे तो आज अशा रीतीने का उच्चारला जातो याचे उत्तर मिळाले, असे समजणारे आणि जीभ-ओठांच्या क्रियेकडे बोट दाखविणारे, असे दोन पक्ष एकोणिसाव्या शतकात तेथेही होते.

हिसची बाजू त्या वेळी दुर्बल होती, कारण त्याच्याजवळ साम्य होते, प्रयोग नव्हता. १८८५ मध्ये विल्हेल्म रू याने ही उणीव काही अंशी दूर केली. कोंबडीच्या गर्भातील मज्जापट्टिका, म्हणजे जिची पुढे मज्जानलिका होते ती पट्टी, त्याने भोवतालच्या ऊतकांपासून कापून कोमट खारट द्रवात ठेवली. ती तेथेही वळू लागली. यावरून बाजूच्या ऊतकांचा दाब तिला अवश्य नाही, वळण्याचे कारण पट्टीतच आहे, एवढे निश्चित झाले. पण पट्टीत नेमके काय?

अमेरिकेत ओटो ग्लेझरने १९१४ मध्ये यास सरळ उत्तर सुचविले: पट्टीतील पेशी पाणी शोषतात, पण एका बाजूस अधिक व दुसऱ्या बाजूस कमी, म्हणून ती वळते. हूकचे कुसळ व हिसची घडी येथे एकत्र येतात. कल्पना सुबक होती. ती पटण्याजोगीही होती, कारण तसे झाल्यास पट्टी वळेल यात शंका नव्हती. परंतु १९४१ मध्ये ब्राउन, हाम्बुर्गर व श्मिट यांनी उभयचर गर्भांच्या ऊतकांची घनता मोजली. मज्जापट्टिकेने पाणी अधिक घेतले असेल तर तिची घनता त्वचेच्या ऊतकाहून वेगळी पडावयास हवी होती. तसा अर्थपूर्ण फरक मिळाला नाही. पुढील संशोधनाने पेशींचे स्वतःचे रूपांतर, विशेषतः त्यांच्या वरच्या टोकांचे आकुंचन, हे कारण पुढे आणले. फुगण्याने घडू शकणारी आकृती फुगण्याने घडलेली नव्हती. असाच एक भ्रम व्यवहारातही दृढ आहे. फार वेळ पाण्यात राहिलेल्या बोटांच्या सुरकुत्या कातडी फुगल्याने पडतात असे सामान्यतः मानले जाते. वस्तुतः ज्या बोटाची चेतातंतूची वाट तुटलेली असते त्यास त्या पडत नाहीत, असे १९३० च्या दशकातच नोंदविले गेले होते. वालाच्या सालीवरील सुरकुती आणि बोटावरील सुरकुती दिसण्यात भावंडे असली तरी कुळाने भिन्न आहेत.

गर्भशास्त्रात हा विचार असा मागे पडत असता यंत्रविद्येत त्याचे गणित तयार झाले. दोन भिन्न धातूंच्या पट्ट्या एकमेकींस जोडल्या असता तापमान वाढताच जोडपट्टी वाकते, हे अठराव्या शतकातील घड्याळकारांस ठाऊक होते. १९२५ मध्ये स्टीफन टिमोशेंकोने या वाकण्याचे सूत्र दिले. दोन्ही थर सारख्या जाडीचे असल्यास वक्रता ही सुमारे प्रसरणातील फरकाच्या दीडपटीस एकूण जाडीने भागून येते. प्रसरणात शेकडा एक एवढाच फरक असलेली एक मिलिमीटर जाडीची पट्टी सुमारे ६७ मिलिमीटर त्रिज्येच्या कमानीत वाकेल. जाडी एक दशांश केली तर त्रिज्याही सुमारे साडेसहा मिलिमीटरपर्यंत उतरेल. पातळपणा वाकण्यास किती अनुकूल असतो, हे यावरून ध्यानात यावे. एक थर दुसऱ्याहून बराच ताठर असला तरी उत्तरात थोडाच फरक पडतो. सूत्रात उष्णतेच्या जागी ओलावा घातला तरी ते तसेच लागू पडते.

मऊ पदार्थांचा प्रश्न यापेक्षा व्यापक आहे. जिलेटिनच्या थरावर जाळीदार सुरकुत्या पडून छायाचित्राची काच वा फिल्म बिघडते, हा अनुभव छायाचित्रकारांस पूर्वीपासून होता. त्यात त्यांना विज्ञान नव्हे, नुकसान दिसे. मॅसॅच्युसेट्स येथील तोयोइची तानाका व त्याच्या सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये पाण्यात फुगणाऱ्या जेलच्या पृष्ठावर उमटणाऱ्या अशाच नक्षीची मीमांसा केली. पाणी प्रथम पृष्ठात शिरते. पृष्ठ पसरू पाहते, पण आतल्या न फुगलेल्या भागास ते चिकटलेले असते, म्हणून त्यात दाब साठतो. दाब एका मर्यादेपलीकडे गेला की सपाट पृष्ठ अस्थिर होते व घड्यांची बारीक जाळी पडते. पाणी जसजसे खोल जाते तसतशी जाळीची घरे मोठी होतात आणि शेवटी नाहीशी होतात. वालाच्या सालीची हीच कथा होय.

पट्टी केवळ वाकण्याऐवजी तिचा घुमट वा झालर केव्हा होते, याचे उत्तर मात्र गाउसच्या १८२७ च्या भूमितीत होते. पृष्ठाची एक विशिष्ट वक्रता पृष्ठावरच मोजलेल्या अंतरांनी ठरते, हे त्याने सिद्ध केले होते. सपाट वर्तुळाचा परीघ त्रिज्येशी ठरलेल्या प्रमाणात असतो. कडा आकसून परीघ त्या प्रमाणाहून कमी झाला तर तबकडी घुमटासारखी फुगीर व्हावी लागते. कडा वाढून परीघ अधिक झाला तर ती सपाट राहू शकत नाही, तिला झालरीसारख्या लाटा पडतात. जेरुसलेम येथील क्लाइन, एफ्राती व शेरॉन यांनी २००७ मध्ये हे प्रत्यक्ष करून दाखविले. त्यांनी जेलच्या तबकडीत द्रव्याचे प्रमाण केंद्रापासून कडेपर्यंत ठरवून बदलले. सुमारे ३३ अंश सेल्सियसच्या वर तापविताच पातळ द्रव्याचा भाग अधिक आकसला, आणि सपाट तबकडीने योजिलेल्या रीतीने घुमटाचे वा लाटांचे रूप घेतले. येथे आकृती आधी ठरवून तिच्यासाठी विषमता लिहिली गेली. २०१६ मध्ये हार्वर्ड येथे ग्लॅडमन व सहकाऱ्यांनी सेल्युलोजचे तंतू मिसळलेली जेलची शाई नळीतून काढून फुलांच्या आकृत्या छापल्या. नळीतून वाहताना तंतू आपोआप प्रवाहाच्या दिशेने लागतात, म्हणून रेघेच्या दिशेने जेल कमी व आडवी अधिक फुगते. पाण्यात ठेवताच सपाट फूल वळते व पिळते. फ्रान्सिस डार्विनच्या सुट्या पेशीत निसर्गाने केलेली रचनाच येथे शाईने केलेली आहे.

याच वर्षी हिसचा प्रश्नही परत आला. मानवी गर्भाचा मेंदू २२ व्या आठवड्याच्या सुमारास जवळजवळ गुळगुळीत असतो. त्यानंतर त्यास वळ्या पडत जातात. बाहेरचा धूसर थर आतील भागापेक्षा अधिक पसरतो म्हणून त्या पडतात, अशी कल्पना १९७५ मध्ये रिचमन व सहकाऱ्यांनी दोन थरांच्या गणिताने मांडली होती. उलट १९९७ मध्ये व्हॅन एसेनने असे सुचविले की, चेतातंतूंचा ताण पृष्ठाला आत ओढून वळ्या पाडतो. बाहेरून दाटणे की आतून ओढणे, हा वाद येथे उभा राहिला. आणि घड्यांच्या केवळ रूपावरून त्याचा निकाल लागणे शक्य नव्हते, कारण दोन्ही कारणांनी घड्याच पडतात.

२०१० मध्ये शू, टेबर, बेली व सहकाऱ्यांनी रूच्या मार्गाने जाऊन सुरी हाती घेतली. वाढत्या फेरेटच्या मेंदूस छेद देऊन ऊतक कोणत्या दिशेने उघडते ते त्यांनी पाहिले. ताणलेले ऊतक कापताच फाकते. मेंदूच्या आतील तंतूंत ताण आढळला. परंतु वळीच्या दोन भिंती एकमेकींकडे ओढल्या जाण्यास तो ज्या ठिकाणी व ज्या दिशेने हवा होता, तेथे आढळला नाही. २०१६ मध्ये तालिनेन, महादेवन व सहकाऱ्यांनी गुळगुळीत गर्भमेंदूच्या प्रतिमेवरून जेलचा मेंदू घडविला, त्यावर दुसऱ्या जेलचा पातळ थर दिला आणि तो द्रावकात बुडविला. द्रावक प्रथम बाहेरच्या थरात शिरला, थर फुगला, आणि काही वेळात त्यावर वळ्या व खाचा उमटल्या. मुख्य खाचांपैकी अनेकांची जागा व दिशा खऱ्या मेंदूशी जुळली.

हिसच्या रबरी नळीपेक्षा हा पुरावा बराच पुढचा आहे. नळीत साम्य पाहणाऱ्याच्या दृष्टीवर अवलंबून होते. जेलच्या मेंदूत प्रारंभीची आकृती व थरांचा फरक एवढेच दिलेले होते, खाचा कोणी कोरलेल्या नव्हत्या. तरीही जेलचा थर द्रावक पिऊन फुगतो, मेंदूचा थर पेशींच्या वाढीने व शाखाविस्ताराने पसरतो. त्या पसरण्याची गती निरनिराळ्या जागी किती भिन्न असते आणि ती भिन्नता कोण ठरविते, हे प्रयोगपात्रातील जेल सांगू शकत नाही. तेथे वंशेतिहासाचा व आनुवंशिकतेचा प्रश्न पुन्हा सुरू होतो, आणि हेकेलचा पक्ष, उपहास वगळून, पुन्हा बोलू लागतो.